बाकुलीच्या तोंडून

१२ ऑक्टोबर, शनिवार

नवी वही सुरू केली. शाळेतली पोरं पहिल्या पानावर लिहितात तसा मीही पत्ता टाकला: रामानित्रा मास्तर, आंत्सिराबेच्या दक्षिणेला, मादागास्कर, पृथ्वी. वही भाषणांसाठी आहे. २६ तारखेला पलीकडच्या गावात लग्न आहे आणि मुलीकडच्यांच्या वतीनं काबारी, म्हणजे रीतीचं भाषण, मी करणार आहे. दोन्हीकडचे वक्ते अंगणात समोरासमोर उभे राहतात, तासभर शब्दांनीच एकमेकांना वाकून नमस्कार करतात, आणि जो रोखठोक बोलून बसेल त्याचं हसं होतं. तेवीस वर्षांत माझं एकदाही झालेलं नाही. सुचलेली वाक्यं विसरू नयेत म्हणून ही वही.

सकाळी कोंबड्या घेणारा रालाई आला. त्यानं फारच पाडून भाव सांगितला. मी त्याला बसवलं, रस्त्याची चौकशी केली, यंदा थंडी लांबली म्हणालो. तेवढ्यात माझी बायको बाकुली चुलीपासून उठून बाहेर आली.

"ह्या भावात कोंबडी नाही मिळायची, पिसं मिळतील," ती म्हणाली. "आणि मागच्या खेपेला माझी टोपली नेलीस ती कुठंय?"

रालाईनं भाव वाढवला, टोपली सायकलवरून काढून दिली. जाताना मला हळूच म्हणाला, "मास्तर, घरात वादळ पाळलंय तुम्ही." मीही त्याच्याबरोबर हसलो.

पुरुषानं कुणाला तोंडावर नाही म्हणू नये, काही मागू नये, दोष देऊ नये. ती कामं बायकांची. त्यांना ते जमतं, आणि त्यांचं कुणी फारसं मनावरही घेत नाही. बैलाला दटावायचं झालं तरी आम्ही फ्रेंचमध्ये दटावतो, आपली भाषा त्यासाठी वापरवत नाही. बाकुली म्हणते, "बैलाशी बोलायलाही मला पाठवत नाहीस, एवढंच नशीब."

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल वाफ्यात मोड आलेलं भात पेरलं. आज संध्याकाळी फावडं घेऊन पाटावर गेलो आणि वाफ्यापुरतं दार उघडलं. पाणी भरेपर्यंत बांधावर येरझारा घालत भाषण म्हणत होतो, आणि नवऱ्याकडच्यांना द्यायचं नेमकं उत्तर सुचलं. असं वाक्य वर्षातून एखादं सुचतं. तसाच घरी पळत आलो, पुटपुटत. वाटेत दोघांनी नमस्कार केला, त्यांना उत्तरही दिलं नाही. आता लिहून काढलंय: "अंगणातलं फूल आम्ही तोडून देत नाही. वाऱ्याला सांगतो, वास तेवढा पाहुण्यांकडे ने."

चार वेळा वाचलं. जेवणही गोड लागलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

वाफा गेला. रात्रभर पाटाचं दार उघडं होतं आणि सगळं बी वाहून खालच्या शेतात गेलं. खालचं शेत रान्दिम्बीदादाचं. तिथं आज पाणी काठोकाठ भरलेलं. आमच्यातून गेलेलं पाणी कुणाच्या कामी आलं ते उघड आहे.

मी बाकुलीला काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, "खालच्या शेतात आज पाणी छान दिसतंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी जाऊन भांडू?"

"मी तसं म्हटलं का?"

"काल दार तू लावलंस ना नीट?"

"मी काय आजच शेती करायला लागलोय, बाकुली?"

"व्हुआहांगी माझी लहानपणापासूनची मैत्रीण आहे. तिच्या नवऱ्याला जाऊन पाणीचोर म्हणू?"

"चोर कोण म्हणतंय? गेलं ते गेलं. मी आपला गप्प बसतो."

तिनं हात पुसले आणि निघाली. पाणवठ्यावर, सगळ्यांसमोर, जे बोलायचं ते बोलली. मी अलीकडच्या भिंतीआड उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं. रान्दिम्बीदादानं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. व्हुआहांगीनं मात्र नवऱ्याचाही वाटा बोलून घेतला. दुपारी दादा मला रस्त्यात भेटला तेव्हा मी मान हलवून म्हणालो, "बायका." त्यानं नुसतं खाली पाहिलं. आम्हा दोघांतलं सौजन्य टिकलं हे बरं झालं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस फावडं सापडत नव्हतं. आज सकाळी घराच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसलं. स्वच्छ धुतलेलं, दांड्यावर कोरलेलं माझं नाव समोर येईल असं. बाकुलीनं आणलं असेल. खायला ठेवलेल्या भातातून पुन्हा बी भिजत घातलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

फावड्यावरून एक विचार डोक्यात शिरला आहे. सोळा तारखेला जाताना ते माझ्या हातात होतं. परत येताना हातात काय होतं ते आठवत नाही. तोंडात वाक्य होतं, ते आठवतं. दार लावल्याचंही आठवत नाही. तेव्हा कुणाच्या तरी हातून ते लावायचं राहून गेलं असावं, ही शक्यता अगदीच नाकारता येत नाही.

वरचं वाक्य वाचून पाहिलं. चांगलं जमलं आहे. तरी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

बाकुलीला सांगितलं तरी झालेलं भांडण काही उलटं फिरणार नाही. आधी लग्न पार पडू दे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

लग्न झालं. वाक्य गाजलं. समोरच्या वक्त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, ह्यावर बोलणं म्हणजे पाप. बाकुली आली नव्हती, डोकं दुखतं म्हणाली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

व्हुआहांगीच्या गटातल्या बायका लावणीला एकमेकींच्या शेतात जातात. बाकुली धरून बारा जणी. आज पहिलं शेत होतं आणि बाकुलीला निरोप आला नाही. ती तरीही गेली. तासाभरात परत आली. पाय कोरडे होते.

"जागा नाही म्हणाल्या," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या चिखलात मला उभं राहायला जागा नाही."

ह्या बायका आल्या नाहीत तर आमचं रोप वाफ्यातच म्हातारं होईल आणि वर्षाचं भात जाईल. पण बाकुली भाताबद्दल बोललीच नाही. "आम्हा दोघींना गालगुंड एकाच आठवड्यात झालं होतं," म्हणाली आणि चूल फुंकत बसली. चूल पेटलेलीच होती.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. वाक्य अगदी लहान आहे. इतकं लहान वाक्य मी तेवीस वर्षांत कधी बोललेलो नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर रान्दिम्बीदादाकडे समेटाची बैठक झाली. गावातली म्हातारी मंडळी चटयांवर बसली होती. बाकुलीनं बोलायचं नव्हतं, तिच्या वतीनं मी माफी मागायची होती.

आमच्याकडे वक्ता आधी दोष स्वतःवर घेतो आणि मग तो हळूच झटकतो, प्रत्येक काबारीची सुरुवात तशीच. मी म्हणालो, "दोष माझा आहे. मी वयानं धाकटा, अकलेनं त्याहून धाकटा, लायकी नसताना आपल्यासमोर उभा आहे." इथं बाकुलीनं एकदम मान वर केली. का ते कळलं नाही. मग मी मुद्द्यावर आलो. बाईची जीभ भरल्या ओढ्यासारखी, तिला काठ दिसत नाही, पण ओढ्यावर कुणी राग धरून बसतं का? मंडळी हसली, माना डोलल्या. बाकुलीनं मान खाली घातली ती शेवटपर्यंत.

रान्दिम्बीदादाचं उत्तर छोटं होतं, पण लिहून ठेवण्यासारखं: "रात्रभर उघड्यावर राहिलेली वस्तू आम्ही धुतली आणि ज्याची त्याच्या दारी नेऊन ठेवली. नाव तिच्यावरच होतं. आता मी आणखी काय बोलू?" कडू शब्दांना उघड्यावर राहिलेली वस्तू म्हणणं, काय सुंदर कल्पना आहे. कुठंतरी वापरीन.

४ डिसेंबरला सगळ्या जणी आमच्या लावणीला येणार असं ठरलं. म्हाताऱ्यांनी माझा हात धरून सांगितलं की असं भाषण बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. घरी येताना बाकुली माझ्या मागून चालत होती, नेहमीपेक्षा बरीच मागून.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज शाळेला उशीर झाला. एरवी "ऊठ रे, पोरं तुझ्या नावानं बोंबलतायत" असं ऐकू येतं. आज बाकुली दारात उभी राहून म्हणाली, "सूर्य वर आल्यासारखा वाटतो, असं शेजारीपाजारी म्हणत होते." आणि निघून गेली. मला वाटलं, थट्टा करते.

११ नोव्हेंबर, सोमवार

थट्टा नाही.

रालाई आला होता. बाकुलीनं त्याला बसवलं, रस्त्याची चौकशी केली, यंदा पाऊस लवकर आला म्हणाली. त्यानं भाव सांगितला आणि तिच्या ओरडण्याची वाट पाहत थांबला. ती म्हणाली, "कोंबड्याही फार दिवस झाले, आपली आठवण काढत होत्या." त्यानं भाव आणखी उतरवला, मला वाटतं घाबरूनच. मग माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. चार कोंबड्या पिसांच्या भावात गेल्या, टोपलीसकट.

फाटकाशी रालाईनं मला बाजूला घेतलं. "वहिनींना बरं नाही का, मास्तर?"

१८ नोव्हेंबर, सोमवार

धाकट्या मेव्हण्यानं नांगर नेला, परत आणत नाही. वरच्या शेतवाल्यानं आमची पाण्याची पाळी खाल्ली. मी त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, मुलं बरी आहेत ना? बरी आहेत म्हणाला. परत आलो. घरात आता दोन वक्ते आहेत आणि बोलणारं कुणी नाही.

शेवटी विचारलं, "बाकुली, तू अशी का बोलतेस?"

"चुकत असलं तर क्षमा असावी," ती म्हणाली. "आपल्याकडूनच शिकले. आपण छान बोलता असं सगळं गाव म्हणतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तेवीस वर्षं मला जे जे बोलायचं होतं ते ही बाई बोलली. शेजाऱ्यांना, व्यापाऱ्यांना, शाळेच्या कमिटीला, माझ्या सख्ख्या भावाला. आणि त्या प्रत्येकाबरोबर उभा राहून मी तिला हसलो. हे लिहिताना मला लाज वाटते आहे. फिरवून लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

रान्दिम्बीदादाकडे गेलो. ठरवून गेलो होतो.

दोन तास बसलो. त्याच्या बैलाचा खूर, चर्चचं गळणारं छप्पर, टेकडीमागचा रस्ता, सगळं झालं. कॉफी तीनदा झाली. तिसऱ्या वेळी दादा कप खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, काही सांगायचं होतं का?"

पुरुष पुरुषाला असं विचारत नाही. त्यानं माझ्यासाठी रीत मोडली, हे मला तेव्हाही कळलं.

मी म्हणालो, "तुमच्याकडची कॉफी फार चांगली असते."

त्यानं रिकामे कप गोळा केले. मग म्हणाला, "ती व्हुआहांगी करते."

३० नोव्हेंबर, शनिवार

गोठ्यात बैलाला फ्रेंचमध्ये सगळं सांगून पाहिलं. सहज जमलं. चार वाक्यंही लागली नाहीत. बैल चघळत राहिला. वळून पाहिलं तर बाकुली गवताचा भारा घेऊन दारात उभी. तिला फ्रेंच येत नाही. भारा ठेवून गेली.

४ डिसेंबर, बुधवार

हे आज जसं झालं तसं लिहितो.

आमची लावणी होती. ठरल्याप्रमाणे सगळ्या जणी आल्या. पुरुषांचं काम बांधावरून रोपांच्या जुड्या फेकण्याचं. बायका ओळीत वाकून मागे मागे सरकत होत्या आणि नवऱ्यांची, सासवांची, पाद्र्याची उणीदुणी काढून हसत होत्या. बाकुली ओळीच्या टोकाला, व्हुआहांगीच्या शेजारी होती. मी जवळ गेलो की दोघी गप्प होत. मला वाटलं, अजून अढी गेलेली नाही.

एक जण म्हणाली, "बाकुली, तुझा आवाज कुठं गेला गं?"

"ओढ्याला मास्तरांनी बांध घातला," दुसरी म्हणाली. बैठकीतलं माझं वाक्य गावभर झालेलं. सगळ्या हसल्या. बाकुली हसली नाही, तिनं पुढचं रोप लावलं.

मी हातातली जुडी ठेवली आणि चिखलात उतरलो. लावणीत पुरुष उतरत नाही. बायका थांबल्या.

"दार मी उघडं टाकलं होतं," मी म्हणालो. "रान्दिम्बीदादानं नाही. मी विसरलो. बाकुलीला मी पाठवलं, तिला जायचं नव्हतं. आणि बैठकीच्या आधीपासून मला हे माहीत होतं. तरी मी तिच्या वतीनं माफी मागितली."

आवाज बारीक निघाला. वाक्याच्या आधी काही नमन नव्हतं, नंतर काही सारवासारव नव्हती. अशा उघड्या वाक्यानंतर उभं कसं राहायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

व्हुआहांगी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "मास्तर, आधी पाय उचला. रोपं तुडवताय."

मी पाय उचलला.

"तुमचं फावडं आमच्या ह्यांना पाटाच्या दाराशीच सापडलं. धुऊन तुमच्या भिंतीला लावून आले. म्हणाले, नाव समोर ठेवलंय, मास्तर शहाणा माणूस आहे, समजेल. मी म्हटलं, नेऊन तोंडावर फेका. ऐकतील तर ना."

मला रान्दिम्बीदादाचं उत्तर आठवलं, वहीत हौसेनं उतरवून घेतलेलं.

"मग बाकुलीला जागा नाही म्हणालात," मी म्हणालो. "ते का?"

"मला वाटलं, हिला माहीत असून आली होती भांडायला. मग बैठकीच्या आदल्या दिवशी हिला पाणवठ्यावर गाठलं आणि सरळ विचारलं. बिचारीला काही पत्ताच नव्हता. दोघी रडलो. तिथंच मिटलं आमचं."

आदल्या दिवशी. म्हणजे मी उभा राहून तिच्या जिभेबद्दल माफी मागत होतो तेव्हा त्या खोलीतल्या दोघी बायकांना सगळं माहीत होतं, आणि रान्दिम्बीदादालाही. समेट आधीच झालेला होता. ती बैठक बाकुलीसाठी नव्हतीच. बाकुली तिथं माझी वाट पाहत बसली होती.

मी तिच्याकडे पाहिलं. ती हातातली रोपं एकेक करून लावत होती. न थांबता म्हणाली, "तू म्हणालास, दोष माझा आहे. मला वाटलं, खरंच सांगतोयस."

८ डिसेंबर, रविवार

जानेवारीतल्या एका लग्नाचं आमंत्रण आलं. नाही म्हणून सांगितलं. आलेला माणूस चकित झाला, त्याला वाटलं मी मान वाढवून घेतोय. पण सुरुवातीला दोष माझा आहे असं म्हणावं लागतं, आणि ते शब्द आता माझ्या तोंडातून निघायचे नाहीत.

रान्दिम्बीदादाकडे जाऊन आलो. सांगितलं. कॉफी एकदाच झाली.

दुपारी रालाई आला. बाकुलीनं त्याला फाटकातच धरलं, टोपलीपासून सुरुवात केली आणि गेल्या महिन्यातल्या चारही कोंबड्यांचा राहिलेला भाव वसूल केला. तिचा आवाज पार शाळेपर्यंत गेला असेल. रालाई ऐकून घेताना खूश दिसत होता. वरच्या शेतवाल्यालाही तिनं सकाळीच गाठलं होतं, पाण्याची पाळी परत मिळाली. नांगर आज येईल म्हणतात.

रालाई गेल्यावर ती वळली. घाम पुसला. मी अंगणात उभा होतो, माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं.

"चुलीवर भात झाल्यासारखा वाटतोय," ती शांतपणे म्हणाली. "कुणाला भूक असली तर."